विश्लेषण : मुस्लीम देशातील मूल दत्तक का घेता येत नाही? ‘कफाला’ म्हणजे नेमके काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. सीरियातील जिंदेरीस गावात एका कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली नुकतीच जन्मलेली मुलगी सापडली. तिची नाळही आईपासून तुटलेली नव्हती. आई, वडील, भावंडे सारे गेले होते. तिची चित्रफीत जगभर पोहोचली आणि हजारो लोकांनी तिला दत्तक घेण्याची तयारी दाखवली. काही दिवसांतच ती आत्याच्या कुटुंबाकडे गेली आणि तो विषय संपला. पण आत्या नसती तर? युरोपातले किंवा अमेरिकेतले एखादे दाम्पत्य तिला कायद्याने आपली मुलगी म्हणून घरी नेऊ शकले असते का? सीरियासह बहुतेक मुस्लीम देशांपुरते याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपण ज्याला दत्तकविधान म्हणतो ते तेथील कायद्यात नाहीच. त्याऐवजी आहे ती ‘कफाला’ ही व्यवस्था. देशात तिचे बरे चालते. मूल सीमा ओलांडू लागले की मात्र ती अडखळते.

इस्लाममध्ये दत्तकविधान अमान्य का?

इस्लामपूर्व अरबस्तानात दत्तकाची प्रथा होती. पैगंबर मुहम्मद यांनी झैद या मुक्त केलेल्या गुलामाला मुलगा मानले होते आणि लोक त्याला ‘झैद बिन मुहम्मद’ म्हणत. कुराणातील ३३व्या अध्यायाच्या चौथ्या आणि पाचव्या आयतीने हे थांबवले. मानलेली मुले ही पोटची मुले नव्हेत, त्यांना त्यांच्या पित्याच्याच नावाने हाक मारा, पिता माहीत नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आहेत, असा त्यांचा आशय. झैद पुन्हा ‘झैद बिन हारिसा’ झाला.

येथे एक गल्लत नेहमी होते. निषिद्ध आहे ते मुलाचा वंश बदलणे. त्याला घरात घेऊन वाढवण्याला कोणतीही मनाई नाही. उलट अनाथाचा सांभाळ हे इस्लाममध्ये मोठे पुण्यकर्म मानले जाते. पैगंबर स्वतः पोरके होते. आजोबांनी आणि नंतर चुलत्याने त्यांना वाढवले. आक्षेप आहे तो मुलाच्या जन्माची ओळख पुसण्याला आणि कुराणाने ठरवून दिलेल्या वारसांच्या वाट्याला धक्का लावण्याला.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटू शकते, कारण आपल्याकडे दत्तक म्हटले की आधी वंश आणि गादीच आठवते. डलहौसीने साताऱ्याचे आणि झाशीचे दत्तक नामंजूर केले, तो वाद मुलाच्या संगोपनाचा नव्हताच, तो वारसाचा होता. म्हणजे ज्या हेतूने जुने हिंदू दत्तकविधान होत असे, नेमका तोच हेतू इस्लामी कायद्याने वगळला आणि सांभाळ तेवढा ठेवला.

मग कफालात काय मिळते आणि काय मिळत नाही?

कफाला म्हणजे सांभाळाची हमी घेणे. सांभाळणारा तो ‘कफील’, सांभाळले जाणारे मूल ‘मकफूल’. अल्जीरिया आणि मोरोक्कोत ही व्यवस्था कायद्यात बांधलेली आहे. अल्जीरियाच्या १९८४च्या कुटुंब कायद्यात दत्तकाला मनाई आणि कफालाची तरतूद दोन्ही आहेत. मोरोक्कोत २००२च्या ‘१५-०१’ क्रमांकाच्या कायद्याने बेवारस मुलांचा कफाला न्यायालयाच्या देखरेखीखाली आणला. कफील हा मुलाचे अन्न, वस्त्र, शिक्षण, औषधपाणी यांची पोटच्या मुलाप्रमाणे जबाबदारी घेतो.

मिळत नाही ते असे. मूल कफीलचे अपत्य ठरत नाही, वारसही ठरत नाही. कफील मृत्युपत्राने त्याला काही देऊ शकतो, पण इस्लामी कायद्यात मृत्युपत्राने परक्याला देता येणारा वाटा मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरताच असतो. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या दृष्टीने पालकत्व संपते. घरातले नाते अर्थातच संपत नाही.

आडनावाचा प्रश्न मात्र शाळेच्या पहिल्या दिवशीच उभा राहतो. मुलाचे नाव एक, घरातल्या सगळ्यांचे दुसरे, म्हणजे हजेरी घेतानाच वर्गाला सारे कळते. अल्जीरियाने जानेवारी १९९२ मध्ये एका आदेशाद्वारे त्यावर तोडगा काढला. वडील अज्ञात असलेल्या मुलाला कफीलचे आडनाव लावता येते, वंश मात्र बदलत नाही. दुसरी अडचण पडद्याची. मुलगा मोठा झाला की सांभाळणाऱ्या आईसाठी तो धार्मिकदृष्ट्या परपुरुष ठरतो. त्यावर जुना उपाय आहे दुधाच्या नात्याचा. बाळ दोन वर्षांचे होण्याआधी बाईने त्याला अंगावर पाजले तर ते तिचे दूधमूल होते आणि पडद्याचा प्रश्न मिटतो. मूल न झालेल्या काही स्त्रिया त्यासाठी औषधे घेऊन दूध आणण्याचा प्रयत्न करतात. या एका गोष्टीवरून कफालाला ‘तात्पुरती सोय’ म्हणणे किती उथळ आहे, हे लक्षात यावे.

आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा. त्याच्या मसुद्याच्या चर्चेत मुस्लीम देशांनी दत्तकाला हरकत घेतली. त्यामुळे कुटुंबाला पारख्या झालेल्या मुलांबाबतच्या २०व्या कलमात दत्तकाच्या बरोबरीने ‘इस्लामी कायद्यातील कफाला’ हा शब्द आला. दत्तकाविषयीचे २१वे कलमही ‘दत्तक पद्धत मान्य असलेल्या देशांनी’ अशाच अर्थाने सुरू होते.

पण परदेशी दत्तकाचा रोजचा कारभार चालतो तो १९९३च्या हेग कराराने. कायमस्वरूपी पालक-अपत्य नाते निर्माण करणाऱ्या दत्तकालाच तो लागू आहे. भारतासह शंभरावर देश त्यात आहेत. कफाला त्यात बसत नाही. कफालाचा उल्लेख आहे तो १९९६च्या दुसऱ्या हेग करारात. तो मुलांच्या संरक्षणासंबंधीचा असून मोरोक्को त्यात सहभागी आहे. मूल कफालाखाली दुसऱ्या देशात जाणार असेल तर आधी त्या देशाचा सल्ला आणि संमती घ्यावी, असे त्याचे ३३वे कलम सांगते. थोडक्यात, दत्तकासाठी एक रुळलेला रस्ता आहे, तर कफालासाठी दोन देशांनी आपसात बोलून घ्यावे एवढीच व्यवस्था.

युरोपात ही मुले कुठे अडकतात?

फ्रान्समध्ये मोरोक्को आणि अल्जीरियातून आलेल्यांची संख्या मोठी असल्याने तेथे हा प्रश्न वारंवार उद्भवतो. फ्रान्सने २००१ मध्ये नागरी संहितेत बदल केला. मुलाच्या मूळ देशाच्या कायद्यात दत्तकाला मनाई असेल तर त्या मुलाला फ्रान्समध्ये दत्तक घेता येणार नाही. मूल फ्रान्समध्ये जन्मलेले आणि तेथेच राहणारे असेल तर अपवाद. एका फ्रेंच महिलेने अल्जीरियातील सोडून दिलेली तान्ही मुलगी २००४ मध्ये कफालाखाली घेतली, फ्रान्सला आणली आणि पुढे दत्तकासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोहोचले. ४ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला. फ्रान्सने कफाला मान्य केलाच आहे, त्यातून मुलाचा सांभाळ होतो आणि काही वर्षे फ्रेंच व्यक्तीकडे वाढलेल्या मुलाला नागरिकत्व मागता येते, नागरिकत्व मिळाले की दत्तकाचा मार्गही मोकळा होतो, हा त्यामागचा युक्तिवाद. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड असेलही. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याचे अख्खे बालपण ‘तूर्तास’ या सदरात जाते.

त्या मुलीला निदान देशात येता तरी आले. दुसरे प्रकरण व्हिसाचे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या फ्रेंच दाम्पत्याने अल्जीरियात एक बेवारस मुलगी कफालाखाली घेतली. ती २०१० मध्ये जन्मली होती. ब्रिटनने तिला प्रवेश नाकारला, कारण ब्रिटिश कायद्यानुसार ती दत्तक मूल नव्हती. पती ब्रिटनला परतला आणि पत्नी मुलीला घेऊन अल्जीरियात थांबली. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयामार्गे युरोपीय महासंघाच्या न्यायालयात गेला. २६ मार्च २०१९ रोजी निकाल लागला, तेव्हा मुलगी आठ वर्षांची झाली होती. कफालातील मूल हे नागरिकाचे थेट अपत्य नव्हे, मात्र ते ‘कुटुंबातील अन्य सदस्य’ आहे आणि त्याच्या हिताचा विचार करून त्याला प्रवेश सुकर करावा, असे न्यायालयाने सांगितले. निकाल मधल्या मार्गाचा होता आणि त्याला लागलेला वेळ हीच खरी शिक्षा होती.

मोरोक्कोने परदेशींसाठी दार का लोटले?

मोरोक्कोत विवाहबाह्य संबंध हा दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. त्यामुळे अविवाहित मातांना मूल सोडून देण्यावाचून अनेकदा मार्ग उरत नाही. अनाथालये भरलेली आणि स्पेन अगदी समोर, सामुद्रधुनीपलीकडे. अनेक स्पॅनिश दाम्पत्ये तेथे जात. कफील मुस्लीम असणे बंधनकारक असल्याने इस्लाम स्वीकारल्याची नोंद करून ती कफाला मिळवत आणि मायदेशी परतल्यावर मूल दत्तक घेत. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन न्यायमंत्री मुस्तफा रमीद यांनी परिपत्रक काढले की मोरोक्कोत कायम वास्तव्य नसलेल्या परदेशींना कफाला देऊ नये. परदेशात गेलेल्या मुलावर न्यायालय लक्ष कसे ठेवणार, हे त्यामागचे अधिकृत कारण. खरी अस्वस्थता अशी की विमान उतरताच कफालाचे दत्तकात रूपांतर होत होते. त्या वेळी प्रक्रिया अर्धवट असलेली स्पॅनिश कुटुंबे मोरोक्कोतच घर भाड्याने घेऊन महिनोन्महिने थांबली. पुढे वर्षभरात, मूल सज्ञान होईपर्यंत कफालाचे कफालाच राहू देण्याच्या स्पेनच्या हमीनंतर कोंडी सुटली.

पाकिस्तानात कायदा कोणता? त्याचा भारताशी संबंध काय?

पाकिस्तानात दत्तकाचा कायदा नाही. तेथे आजही वापरला जातो तो ब्रिटिशांनी केलेला १८९०चा पालक आणि पाल्य कायदा. या कायद्याखाली न्यायालय एखाद्याला मुलाचा पालक नेमते आणि त्याच्या परवानगीशिवाय पाल्याला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. परदेशी पाकिस्तानी दाम्पत्ये याच कायद्याखाली पालकत्व मिळवतात. सर्वसाधारणपणे मुस्लीम मूल मुस्लीम कुटुंबातच दिले जाते.

अमेरिकेने या पालकत्वाला एक पळवाट ठेवली आहे. न्यायालयाच्या आदेशात मुलाला देशाबाहेर नेण्याची आणि तेथे दत्तक घेण्याची स्पष्ट मुभा असेल, मूल अमेरिकी कायद्याच्या व्याख्येनुसार अनाथ असेल आणि कुटुंबाची गृहपाहणी झालेली असेल तर त्याला त्या प्रयोजनाचा व्हिसा मिळू शकतो. दत्तकविधान अमेरिकेतील राज्याच्या न्यायालयात होते आणि त्यानंतर नागरिकत्व. ‘अनाथ’ हे सिद्ध करणे हीच यातील सर्वांत कठीण पायरी. पाळण्यात ठेवलेल्या बाळाच्या बाबतीत ते तुलनेने सोपे. पण अनेकदा मूल भावाचे किंवा बहिणीचे असते, त्याचे आईवडील हयात असतात आणि आपुलकीने दिलेले ते मूल कायद्याने अनाथ ठरत नाही.

कॅनडाने याच्या उलट भूमिका घेतली. पाकिस्तानातील पालकत्व हे दत्तकाकडे नेणारे नाही, तेव्हा त्या आधारावर मूल आणून येथे दत्तक घेणे म्हणजे त्या देशाच्या कायद्याला बगल देणे ठरते, असे सांगत जुलै २०१३ मध्ये पाकिस्तानातून होणारे दत्तक थांबवण्यात आले. एकच न्यायालयीन आदेश, पण एका देशाला तो पुरतो, शेजारच्या देशाला पुरत नाही.

हा १८९०चा कायदा भारताचाही आहे, आणि भारतातली मुले परदेशी जात तीसुद्धा याच कायद्याने. हिंदूंसाठी १९५६चा दत्तक कायदा होता. परदेशी, ख्रिस्ती, मुस्लीम, पारशी दाम्पत्यांना मात्र फक्त पालकत्व मिळे. परदेशी दाम्पत्य न्यायालयाच्या परवानगीने पाल्य म्हणून मूल नेई आणि आपल्या देशात दत्तक घेई. त्यातील गैरप्रकारांबाबत वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी या प्रक्रियेचे नियम घालून दिले. म्हणजे आज पाकिस्तानचे जे आहे ते चाळीस वर्षांपूर्वी आपलेही होते. त्यामुळे या अडचणीचे सगळे खापर धर्मावर फोडण्यात अर्थ नाही. २००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दाम्पत्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला, त्याच वर्षी बालन्याय कायद्यात दत्तकाची तरतूद आली आणि १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. मुस्लीम व्यक्तीला व्यक्तिगत कायदा पाळायचा असेल तर तीही मुभा कायम राहिली. दत्तक घेणे हा मूलभूत हक्क असल्याचे मात्र न्यायालयाने मान्य केले नाही.

मुस्लीम देशाने कधी दार उघडले होते का?

बांगलादेशने उघडले होते. १९७१च्या युद्धातील अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांचे काय करायचे, हा नव्या देशापुढचा जळता प्रश्न होता. त्या स्त्रियांना शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारने ‘वीरांगना’ म्हटले, पण मुलांना घरात जागा नव्हती. १९७२ मध्ये सोडून दिलेल्या मुलांसाठी खास आदेश काढून परदेशी दत्तकाला वाट करून देण्यात आली. त्या वर्षी जुलैमध्ये ढाक्यातील मदर तेरेसा यांच्या संस्थेतून १५ बाळे कॅनडाला गेली. मुस्लिमबहुल देश पेचात सापडल्यावर कायदा वाकवू शकतो, हे यातून दिसले. पुढे मात्र तक्रारी वाढत गेल्या आणि १९८२ मध्ये हा आदेश रद्द झाला. आता तेथे पालकत्व मिळते ते बांगलादेशी नागरिकांनाच.

त्या तक्रारी पोकळ नव्हत्या. नेदरलँड्सने नेमलेल्या समितीने पाच देशांतील जुन्या दत्तकांची चौकशी केली, त्यात बांगलादेश आणि इंडोनेशिया होते. गंभीर गैरप्रकार आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सने सर्वच परदेशी दत्तक स्थगित केले. चाडचे उदाहरण तर त्याहून धक्कादायक. ऑक्टोबर २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेचे लोक १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या तयारीत असताना अबेशे शहरात पकडले गेले. ही दारफूरची अनाथ मुले आहेत, असा त्यांचा दावा होता. बहुतेक मुले चाडचीच निघाली आणि बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत होते. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचेमधील १६ वर्षांखालील मुलांना प्रांताबाहेर नेण्यास बंदी केली, ती याच भीतीपोटी. संकटानंतर मुले ‘अनाथ’ दिसतात, पण बऱ्याचदा ती फक्त हरवलेली असतात.

सर्वच मुस्लीम देशांत सारखीच स्थिती आहे का?

नाही. ट्युनिशियाने मार्च १९५८च्या कायद्याने पूर्ण दत्तकाला मान्यता दिली. तुर्कस्तानात नागरी कायद्याने दत्तक घेता येते आणि तो देश १९९३च्या हेग कराराचा सदस्य आहे. इंडोनेशियात दत्तक आहे, पण पालक आणि मूल एकाच धर्माचे हवेत, परदेशी दत्तक हा शेवटचा पर्याय आणि मूळ वंश तुटत नाही. तेथील मुस्लिमांसाठीच्या संहितेने दत्तक मुलाला मालमत्तेत एक तृतीयांशापर्यंतचा वाटा मृत्युपत्र नसतानाही देऊ केला आहे. सांभाळ आणि वंश यांची सांगड घालण्याचा आजवरचा हा सर्वांत व्यवहारी प्रयत्न म्हणावा लागेल.

भारतीय दाम्पत्याला अशा देशातून मूल आणता येईल का?

भारतीय नागरिकाने परदेशातील मूल दत्तक घेण्याची तरतूद दत्तक नियमावलीत आहे. मात्र सर्व प्रक्रिया मूल ज्या देशात राहते तेथील कायद्यानुसार पूर्ण व्हावी लागते. ज्या देशाच्या कायद्यात दत्तकच नाही तेथे पहिली पायरीच चढता येत नाही. मूल परदेशी पारपत्रावर येत असल्याने त्याला भारताचा व्हिसाही लागतो. प्रत्यक्षात वाहतूक उलट दिशेची आहे. आखाती देशांत राहणारी अनिवासी भारतीय दाम्पत्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवतात. तेथे अधिकृत दत्तक संस्था नसेल तर गृहपाहणीसह बाकीची कामे भारतीय दूतावासामार्फत होतात, आणि मूल भारतातून तिकडे जाते.